जुन्या पियानोच्या सैल ब्रिज पिना: ओळखण्यापासून बसवण्यापर्यंत

खानदेशात पियानो मोजके आहेत आणि जे आहेत ते बहुतेक जुने आहेत. एखादा भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून कोणाच्या घरी आलेला असतो, एखादा मिशनच्या जुन्या आवारातल्या सभागृहात उभा असतो, तर एखादा मुंबईतल्या नातेवाइकाने घरात जागा पुरेना म्हणून जळगावला किंवा धुळ्याला पाठवून दिलेला असतो. त्यांचे सूर जुळवणारा माणूस मुंबईहून, पुण्याहून किंवा फार तर नाशिकहून बोलवावा लागतो आणि तो वर्षातून एकदा आला तरी पुष्कळ झाले असे मानले जाते. दोन भेटींच्या मधल्या काळात उद्भवणारे काही बिघाड घरच्या घरी ओळखता आले आणि त्यांतले सोपे बिघाड दुरुस्तही करता आले, तर पियानो वाजता राहतो. सैल झालेल्या ब्रिज पिना, म्हणजे तारांना जागेवर धरणाऱ्या छोट्या पोलादी पिना, हा असाच एक बिघाड आहे.

या लेखात उभ्या, म्हणजे अपराइट, पियानोवरचे काम सांगितले आहे, कारण आपल्याकडे तेच अधिक आढळतात. वाचकाला ट्यूनिंग लिव्हर, म्हणजे तारा ताणण्याची किल्ली, धरता येते आणि एखादी तार उतरवून पुन्हा सुरात आणता येते, एवढे गृहीत धरले आहे. ज्याला ते येत नसेल त्याने आधी एखाद्या ट्यूनरच्या शेजारी बसून ते शिकून घ्यावे, कारण एकेका तारेवर साधारण ६० ते ९० किलोंचा ताण असतो, सगळ्या तारांचा मिळून तो १५ ते २० टनांपर्यंत जातो, आणि लिव्हर निसटली तर हाताला किंवा डोळ्याला इजा होऊ शकते. तारेशी काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

पिना काय करतात

तंबोऱ्याला जशी घोडी, तसा पियानोला ब्रिज. साउंडबोर्डवर, म्हणजे तारांमागच्या आवाज वाढवणाऱ्या पातळ लाकडी फळीवर, पक्की चिकटवलेली ती कठीण लाकडाची, बहुधा मेपलची किंवा बीचची, लांब पट्टी असते. मधल्या आणि वरच्या सुरांसाठी एक लांब वळणदार ब्रिज असतो आणि तांब्याची तार गुंडाळलेल्या खर्जाच्या तारांसाठी दुसरा, आखूड ब्रिज असतो. प्रत्येक तार ब्रिजवरून जाताना दोन पोलादी पिनांना लगटून जाते. या दोन पिना एका सरळ रेषेत नसतात. त्यामुळे तार एका पिनेच्या डाव्या अंगाने आणि दुसरीच्या उजव्या अंगाने किंचित वळसा घेत जाते. शिवाय प्रत्येक पिन तारेच्या अंगावर झुकेल अशी तिरपी ठोकलेली असते. तार सरळ होण्याची ओढ घेते, पिनेच्या तिरक्या अंगावरून खाली घसरू पाहते आणि परिणामी लाकडावर घट्ट बसून राहते. पिनेच्या मध्यापासून पुढचे लाकूड खाच पाडून काढून टाकलेले असते, म्हणजे तार पिनेला आणि लाकडाला एकाच ठिकाणी सोडते. तारेची वाजणारी लांबी जिथे संपते ते हेच ठिकाण.

पियानोत सुमारे सव्वादोनशे तारा असतात, म्हणजे पिना साडेचारशेच्या आसपास. पैकी सुराच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती वाजणाऱ्या लांबीकडची, म्हणजे पुढची, पिन. मागची पिन सैल असली तरी पुष्कळदा चालून जाते. तपासणीचा आणि दुरुस्तीचा क्रम ठरवताना हा फरक लक्षात ठेवल्यास निम्मे काम वाचते.

पुढची पिन लाकडात हलू लागली की काय होते ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी परीक्षा त्यावर उभी आहे. तार लाकडाकडे आणि लाकडापासून दूर अशी कंप पावते तेव्हा तिला लाकडाचा पक्का आधार असतो. ती आडवी कंप पावते तेव्हा मात्र आधार फक्त पिनेचा असतो. पिन पक्की असेल तर दोन्ही दिशांना तारेची लांबी सारखी राहते. पिन सैल असेल तर आडव्या दिशेला तार किंचित लांब असल्यासारखी वागते आणि तिची कंपनसंख्या थोडी कमी पडते. एकाच तारेतून जवळजवळ सारखे, पण अगदी सारखे नव्हे, असे दोन सूर निघतात आणि ते एकमेकांवर चढून उतरून आवाजात लाट निर्माण करतात. ट्यूनर मंडळी याला फॉल्स बीट म्हणतात. शेजारच्या दोन तारा बेसूर असल्या तरी लाट येतेच, पण ती लिव्हरने घालवता येते. एकट्या तारेतून येणारी ही लाट लिव्हर कितीही फिरवली तरी जात नाही.

आपल्या हवेत हे अधिक का होते

युरोपात बनलेले जुने पियानो थंड आणि बऱ्यापैकी दमट हवेत राहण्यासाठी घडवलेले असतात. जळगाव, भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते, आणि मग महिन्याभरात पाऊस सुरू होऊन तीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर चढते. लाकूड अशा कोरड्या हवेत बराच काळ राहिले तर त्यातला ओलावा चार ते पाच टक्क्यांवर येतो आणि पावसाळी हवेत तो पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत वाढतो. पोलादी पिन मात्र फुगत नाही की आकसत नाही. पावसाळ्यात फुगलेले लाकूड पिनेवर दाबले जाऊन पिनेलगतचे तंतू चेंगरतात. उन्हाळ्यात लाकूड आकसते तेव्हा चेंगरलेले तंतू पूर्वीच्या जागी येत नाहीत आणि पिनेभोवती केसभर फट उरते. दरवर्षी हेच होत गेले की काही दशकांत पिन बोटाने हलत नसली तरी तारेच्या कंपाला दाद देऊ लागते.

यात घरोघरच्या डेझर्ट कूलरची भर पडते. दुपारी कूलर चालू असताना त्याच्या झोताची हवा दमट, रात्री तो बंद झाला की खोली पुन्हा कोरडी, असा एका दिवसात ऋतू बदलतो. कूलरच्या झोतासमोर ठेवलेला पियानो मी आजवर कधी चांगल्या अवस्थेत पाहिलेला नाही. धाब्याच्या जुन्या घरात, जाड भिंतींच्या आतल्या खोलीत ठेवलेला पियानो मात्र पुष्कळदा नवलाने टिकलेला दिसतो, कारण तिथे हवेतला बदल सावकाश पोचतो.

आधी खात्री करावी

पियानोचे वरचे झाकण उघडून पुढची वरची फळी काढावी. ती बहुधा दोन बाजूंच्या खिट्ट्यांवर असते. खालची फळी पट्ट्यांच्या, म्हणजे कळांच्या, फलाटाखालच्या एका स्प्रिंगवर अडकवलेली असते, ती वर दाबून बाहेर ओढावी. आत बहुधा धूळ, कसरीची जाळी आणि क्वचित उंदराचे घरटेही असते. ते सगळे मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने आधी स्वच्छ करावे, कारण धुळीवर टाकलेला कोणताही गोंद लाकडाला धरत नाही. लांब ब्रिजचे वरचे टोक उजवीकडे हातोड्यांच्या मागे असते आणि तो तिथून डावीकडे खाली उतरत जातो. खर्जाचा ब्रिज उजवीकडे खाली असतो. वरच्या सप्तकांच्या पिनांपर्यंत पोचण्यासाठी ॲक्शन, म्हणजे हातोड्यांची संपूर्ण चौकट, बाहेर काढावी लागते. ती दोन ते चार गोल मुठींनी किंवा नटांनी धरलेली असते. मुठी सैल केल्यावर चौकट वरून आपल्याकडे झुकवून दोन्ही हातांनी सरळ वर उचलावी, आणि तिचे पाय जमिनीवर नीट टेकतील अशा ठिकाणी भिंतीला टेकवून ठेवावी. पॅडल दाबणाऱ्या दांड्या मध्ये येत असतील तर त्या आधी बाजूला घ्याव्यात.

मात्र ऐकण्याची परीक्षा ॲक्शन काढण्यापूर्वी करावी. मधल्या आणि वरच्या सुरांना प्रत्येकी तीन तारा असतात. रबरी पाचर किंवा नमद्याची पट्टी घालून त्यांपैकी दोन तारा बंद कराव्यात आणि एकच तार वाजवावी. सूर सरळ विरत गेला तर ती तार चांगली. आवाज वाढून कमी होत, डुलत विरला तर वहीत त्या सुराचे नाव आणि तार डावी, मधली की उजवी हे लिहून ठेवावे. घाई करू नये. वरच्या दोन-तीन सप्तकांत बहुतेक दोष सापडतात आणि तिथे सूर झटकन विरत असल्याने कान तयार व्हायला थोडा वेळ लागतो.

यादी झाली म्हणजे पिना सैल ठरल्या असे नाही. तारेला पीळ पडलेला असणे, गंज चढलेला असणे, ब्रिजची खाच चेमटलेली असणे किंवा तार पिनेवर थोडी वर सरकलेली असणे, यांपैकी कशानेही तशीच लाट येते. म्हणून दुसरी परीक्षा करावी. ॲक्शन बाहेर काढल्यावर तार बोटाच्या नखाने किंवा गिटारच्या पिकने छेडावी आणि त्याच वेळी पुढच्या पिनेला स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने आधार द्यावा. तार पिनेला ज्या बाजूने ढकलते तिच्या विरुद्ध बाजूने, तारेकडे दाब देत, हा आधार द्यायचा आहे. आधार देताच लाट थांबली आणि काढताच पुन्हा सुरू झाली, तर दोष पिनेचाच. आधार देऊनही लाट तशीच राहिली तर त्या तारेच्या पिनेला हात लावू नये. ही परीक्षा न करता सरसकट सगळ्या पिनांवर गोंद टाकण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे, पण ती मला पटत नाही. ज्या पिना पक्क्या आहेत त्यांच्यावर गोंद चढवून पुढच्या कारागिराचे काम तेवढे अवघड होते.

तार पिनेवर वर चढली असेल तर कठीण लाकडाच्या काडीने ती ब्रिजजवळ हलकेच खाली दाबून पाहावी. दाबल्यावर लाट गेली तर तेवढ्यावर काम भागते. हातोडीने तार ठोकून बसवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तार लाकडाच्या कडेत रुतते, खाच चेमटते आणि थोड्या दिवसांनी दोष पूर्वीपेक्षा वाढलेला दिसतो.

खर्जाच्या ब्रिजची गोष्ट वेगळी आहे. तिथे पिना जाड असतात, शेजारशेजारच्या तारांच्या पिना एकाच रेषेत एकमेकींच्या जवळ ठोकलेल्या असतात आणि त्या रेषेत लाकूड उभे चिरते. लक्षण लाटेपेक्षा खरखर, मेलेला आवाज किंवा पुन्हा पुन्हा उतरणारा सूर असे असते. टॉर्चचा उजेड तिरका पाडून पिनांच्या रांगेकडे पाहिले की चीर लगेच दिसते. चिरेबद्दल पुढे लिहिले आहे.

ऋतू आणि सामान

दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ या कामाला सगळ्यांत चांगला. लाकूड पुरते फुगलेलेही नसते आणि पुरते वाळलेलेही नसते. गोंदाच्या दृष्टीनेही हेच दिवस सोयीचे आहेत. पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा झटपट गोंद, हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्याने धरतो. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तो धरायला वेळ घेतो आणि श्रावणात तो इतक्या लवकर धरतो की आत शिरण्याआधीच वर घट्ट होतो आणि आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी झाक सोडतो. दोन भाग मिसळून वापरायचे इपॉक्सी, म्हणजे ॲरल्डाइटसारखे मिश्रण, उष्णतेने लवकर घट्ट होते. डब्यावर लिहिलेला कामाचा अवधी उन्हाळ्यात निम्म्यावर येतो असे धरून चालावे.

सामान फारसे लागत नाही. पाण्यासारखा पातळ सायनोॲक्रिलेट आणि त्याला लावायची बारीक लांब नळी, सावकाश धरणारे इपॉक्सी, टूथपिक, ॲसिटोन, ४०० नंबरचा एमरी पेपर, व्हर्निअर कॅलिपर, लॉक होणारी ग्रिप प्लायर, छोटी हातोडी, पितळी पंच, तार उचलायचा वाकडा हूक, ट्यूनिंग लिव्हर, पाचरा, टॉर्च आणि ६बी पेन्सिल. गोंदाची बाटली ताजी असावी. महिनोन्महिने दुकानात तापलेला गोंद घट्ट झालेला असतो आणि तो बारीक फटीत शिरत नाही. बाटली हलवून पाहावी, आतला द्रव पाण्यासारखा डचमळला तरच घ्यावी.

कापसाच्या मुलखात एक इशारा मुद्दाम द्यावासा वाटतो. सायनोॲक्रिलेट कापसावर किंवा सुती चिंधीवर सांडला तर त्याची झपाट्याने प्रक्रिया होऊन कापड तापते, धूर निघतो आणि हात भाजू शकतो. म्हणून हा गोंद पुसायला सुती फडके किंवा कापसाचा बोळा वापरू नये आणि काम करताना सुती हातमोजेही घालू नयेत. खाली प्लास्टिकचा कागद अंथरावा, खिडकी उघडी ठेवावी आणि चेहरा थेट वर धरू नये, कारण याची वाफ डोळ्यांना झोंबते.

पहिला उपाय: पिन न काढता गोंद

आधार दिल्यावर लाट थांबते, पण बोटाने पिन हलत नाही, अशा पिनांना हा उपाय पुरतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक सैल पिना याच वर्गातल्या असतात. यात तार उतरवावी लागत नाही, हा मोठा फायदा.

पियानो पाठीवर आडवा केला तर गोंद सरळ भोकात उतरतो, परंतु लोखंडी चौकटीमुळे अपराइटचे वजन २०० किलोंच्या पुढे असते. चार धडधाकट माणसे आणि खाली जाड गादी यांची सोय नसेल तर तो आडवा करण्याच्या भानगडीत पडू नये. उभ्या पियानोतही पातळ गोंद फटीत ओढला जातो. फक्त थेंब लहान हवा. पिन जिथे लाकडात शिरते तिथे, तार नसलेल्या बाजूने, नळीचे टोक टेकवावे आणि अगदी छोटा थेंब सोडावा. तो दिसेनासा झाला तर फट होती आणि गोंद आत गेला असे समजावे. तो वरच थांबला तर भोक गच्च आहे किंवा मळाने भरले आहे. मिनिटभर थांबून दुसरा थेंब द्यावा. तो आत जाणे थांबले की त्या पिनेचे काम संपले. खाली ओघळ उतरताना दिसला तर तो लगेच प्लास्टिकच्या पट्टीच्या कडेने उचलावा. तारेवर, विशेषतः तांब्याच्या वेटोळ्यांवर, गोंद जाऊ देऊ नये, कारण वेटोळ्यांत शिरलेला गोंद निघत नाही आणि ती तार कायमची मुकी होते.

झटपट धरणारा फवारा वापरू नये. त्याने वरचा गोंद घट्ट होतो आणि आतला तसाच राहतो. पियानो रात्रभर तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी तीच तार पुन्हा ऐकावी. तार ब्रिजला किंवा पिनेला चिकटली असेल तर लिव्हरने ती किंचित उतरवून पुन्हा चढवताना टक् असा बारीक आवाज येऊन सुटते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. लाट गेली किंवा इतकी मंद झाली की तिचा त्रास होत नाही, तर तिथेच थांबावे. दुसऱ्यांदा गोंद देऊनही उपयोग झाला नाही तर पुढच्या उपायाकडे वळावे.

दुसरा उपाय: पिन काढून इपॉक्सीत बसवणे

पिन बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने उघडपणे हलत असेल, तिच्यावर गंज चढला असेल किंवा पहिला उपाय फसला असेल, तर ती काढावी लागते. नवख्या माणसाने एका वेळी एकाच सुराच्या तारा उतरवाव्यात. एकाच भागातल्या पुष्कळ तारा एकदम सोडल्या तर साउंडबोर्डवरचा दाब बदलतो आणि बाकीचा पियानो बेसूर होतो. मधल्या आणि वरच्या भागात बहुतेक पियानोंमध्ये एकच लांब तार खालच्या खुंटीला वळसा घालून लिव्हरने फिरवायच्या दोन ट्यूनिंग पिनांवर जाते. म्हणजे जिला आपण दोन तारा समजतो ती एकच असते. म्हणून काम एका तारेचे असले तरी तिची जोडीदार कोणती ते आधी बोटाने माग काढून पाहावे, आणि दोन्ही ट्यूनिंग पिना थोड्या थोड्या, आळीपाळीने, सैल कराव्यात. एकूण किती फेरे उलटे फिरवले ते वहीत लिहावे. साधारण एका फेऱ्यात तार ब्रिज पिनांवरून काढता येईल इतकी सैल होते. ट्यूनिंग पिनेवरची वेटोळी विस्कटू नयेत म्हणून तार हुकाने ओढून धरावी. खर्जाची तार खालच्या खुंटीवरून काढली तर तिचा पीळ सुटू न देणे महत्त्वाचे असते. शक्यतो ती खुंटीवरच राहू द्यावी आणि फक्त ब्रिजवरून बाजूला सारावी.

तार बाजूला झाल्यावर पिनेचे टोक ग्रिप प्लायरमध्ये पक्के धरून ती आधी आपल्याच आसावर थोडी डावी-उजवी फिरवावी आणि मग ज्या तिरक्या दिशेने ती ठोकलेली आहे त्याच दिशेने सरळ बाहेर ओढावी. उभी उपटली किंवा डोलवून काढली तर भोक लंबगोल होते आणि साधे काम अवघड होऊन बसते. काढलेली प्रत्येक पिन पुठ्ठ्यात टोचून तिच्याखाली तिचे नाव लिहावे. पिना दिसायला सारख्या दिसल्या तरी त्यांची जाडी भागाभागानुसार बदलते: वरच्या सुरांकडे ती २ मिलिमीटरच्या आसपास असते आणि खर्जाकडे वाढत जाते.

पिनेवरचा गंज एमरी पेपरने काढावा. लाकडात जाणारा भाग थोडा खरखरीत झाला तरी चालेल, तारेला लागणारा भाग मात्र गुळगुळीतच हवा. तिथे गंजाने खड्डे पडले असतील तर पिन उलटी करून वापरता येईल का ते पाहावे. खालचे टोक निमुळते असेल तर ते जमत नाही आणि नवी पिन लागते. भोकातला भुसा आणि मळ टूथपिकने खरवडून काढावा, ॲसिटोनमध्ये बुडवलेली टूथपिक आत फिरवावी आणि अर्धा तास वाळू द्यावे. ड्रिल या टप्प्यावर चालवायचे नाही.

इपॉक्सीचे दोन्ही भाग उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात, एका वेळी पाच-सहा पिनांपुरतेच मिसळावेत. टूथपिकने ते भोकाच्या भिंतींना लावावे. भोक काठोकाठ भरू नये, नाहीतर पिन ठोकताना आत अडकलेला द्रव लाकूड फोडू शकतो. पिनेच्या खालच्या भागालाही पातळ थर द्यावा, ती पूर्वीच्याच कोनात भोकात ठेवावी आणि पितळी पंच टेकवून हलक्या ठोक्यांनी तळापर्यंत न्यावी. तळ लागला की ठोक्याचा आवाज बदलतो, तिथे थांबावे. शेजारच्या पिनांशी उंची आणि कोन डोळ्याने जुळवून पाहावा. बाहेर आलेले इपॉक्सी ॲसिटोनने ओलसर केलेल्या फडक्याने लगेच पुसावे आणि विशेषतः पुढची खाच पूर्ण स्वच्छ करावी, कारण खाचेत साठलेला थेंब वाळला की तार लाकडाऐवजी त्याच्यावर टेकते आणि बारीक झणझण सुरू होते.

इपॉक्सीला चोवीस तास द्यावेत. पाच मिनिटांत धरणारे इपॉक्सी इथे वापरू नये. ते तुलनेने मऊ राहते आणि फटीत नीट भिनत नाही. पूर्ण वाळल्यावर जुन्या ब्रिजवर जी काळी ग्रॅफाइटची झाक असते ती गेलेल्या जागी ६बी पेन्सिल घासावी. त्यामुळे सुरात चढवताना तार लाकडावरून सहज सरकते. मग तार पूर्वीच्याच बाजूंनी दोन्ही पिनांना लगटून ठेवावी आणि लिहिलेले फेरे मोजत ताण द्यावा.

भोक मोठे झाले असेल तर

पिन हाताने सहज आत-बाहेर होत असेल तर इपॉक्सीच्या जाड थरावर विसंबण्यापेक्षा एक नंबर जाड पिन बसवणे चांगले. या पिना नंबरांनी मिळतात. जुन्या पिनेची जाडी व्हर्निअरने मोजून लगतचा पुढचा नंबर मागवावा. ड्रिलची पाती नव्या पिनेपेक्षा किंचित बारीक असावी, आणि ती आधी बाभळीच्या तुकड्यावर चालवून त्यात पिन कशी बसते ते पाहावे. सागवान यासाठी मऊ पडतो, त्यावरचा अंदाज फसवा ठरतो. कोन हाताच्या अंदाजाने सांभाळता येत नाही; शेजारच्या पिनेच्या कोनात भोक पाडलेला लाकडी ठोकळा ब्रिजवर टेकवून त्यातून ड्रिल चालवावे, आणि मूळ भोकाच्या खोलीवर पातीला चिकटपट्टी गुंडाळून खूण करावी. सायकलचा स्पोक किंवा खिळ्याचा तुकडा पिनेच्या जाडीचा असतो म्हणून तो ठोकून देणारे कारागीर भेटतात. तसे करू नये. शेजारच्या दहा पिनांपेक्षा वेगळ्या कठीणपणाची पिन तारेचा घाव वेगळा घेते आणि तो सूर शेवटपर्यंत वेगळा ऐकू येतो.

चीर असेल तर

दोन पिनांच्या मधली केसाएवढी चीर सायनोॲक्रिलेटने भरून निघते. चीर तीन-चार पिनांना जोडणारी असेल आणि लाकूड अजून जागेवर असेल, तर त्या पिना काढून, चिरेत पातळ इपॉक्सी भरपूर मुरू देऊन, इपॉक्सी ओले असतानाच पिना परत बसवता येतात. एखादा दाबशिकंजा लावायला जागा असेल तर उत्तम. मात्र लाकडाचा तुकडा सरकला असेल, पिना एका बाजूला कलंडल्या असतील किंवा खर्जाचा ब्रिज त्याच्या खालच्या आधारापासून सुटला असेल, तर ते काम घरी होण्यासारखे नाही. ब्रिजवरचे लाकूड काढून नवे चढवणे, त्यावर भोके आणि खाचा पाडणे हे कार्यशाळेचे काम आहे आणि त्याला तारा उतरवाव्या लागतात. गावातल्या निष्णात सुताराकडेही ते सोपवू नये, कारण खाचेची कड पिनेच्या मध्यातून गेली पाहिजे हा नियम त्याच्या हातात बसलेला नसतो.

सुरात आणणे आणि नंतर

उतरवलेली तार एकदम मूळ सुरावर नेऊ नये. आधी अर्धा सूर खाली थांबवून दिवसभर राहू द्यावी, पिनांजवळ ती लाकडावर बसली आहे का ते काडीने हलके दाबून पाहावे, मग वर घ्यावी. ती पुन्हा उतरेल. पहिल्या काही आठवड्यांत दोन-तीनदा जुळवावी लागते आणि त्यात दुरुस्ती फसली असे काही नसते. मूळ सूर कोणता हे शेजारच्या तारांवरून ठरवावे. जुना पियानो बहुधा ४४० हर्ट्झच्या खाली उतरलेला असतो, आणि मोबाइलमधल्या ॲपवर भरवसा ठेवून एकच सूर ४४० च्या हिशेबाने वर ओढला तर तो बाकीच्यांत परका वाटतो. पूर्ण पियानो वर नेण्याचा निर्णय ट्यूनरवर सोडावा.

खोलीत एक साधा आर्द्रतामापक टांगावा. ४० ते ६० टक्के ही लाकडाला मानवणारी पातळी. आपल्याकडे ती वर्षभर सांभाळणे अशक्य आहे, पण बदल सावकाश होईल एवढे करता येते. पियानो कूलरच्या झोतापासून, स्वयंपाकघराच्या दारापासून आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावा, उन्हाळ्याच्या दुपारी खिडक्या लावून जाड पडदे सोडावेत. खालच्या फळीमागे पाण्याचे भांडे ठेवण्याची जुनी चाल आहे. कोरड्या दिवसांत तिचा थोडा उपयोग होतो, पण ते भांडे रुंद बुडाचे असावे आणि मृगाचा पहिला पाऊस पडताच बाहेर काढावे.

वहीतली यादी फाडून टाकू नये. पुढच्या मे महिन्यात, लाकूड सगळ्यांत जास्त आकसलेले असताना, त्यातल्या प्रत्येक तारेला पुन्हा पाचर लावून ऐकावे. हिवाळ्यात बसलेली पिन तेव्हाही गप्प राहिली तरच तिच्यापुढे बरोबरची खूण करावी, आणि जिथे लाट परत आली असेल ती नावे ट्यूनरच्या पुढच्या फेरीसाठी वेगळी काढून ठेवावीत.